शिकाऊ हात आणि मातीचे बाळ



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला म्हणजे तो बोनसवर बोलणार, महागाई भत्त्यावर बोलणार, नाहीतर नव्या कामगार संहितांवर बोलणार, असे लोक धरून चालतात; आणि त्यांचे फारसे चुकतही नाही. या विषयांवर आम्ही तीस वर्षे बोलत आलो आहोत आणि घशात आवाज आहे तोवर बोलणार आहोत. परंतु आजचा विषय निराळा आहे. पॉलिमर क्ले नावाच्या एका पदार्थापासून तान्ह्या बाळाची बाहुली घडवायला नवशिक्या माणसाने कसे शिकावे, हा तो विषय. यात कामगारांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे; पण तो ओढूनताणून जोडण्याची गरज नाही. बाहुली घडवता घडवता तो आपल्या पायांनी चालत पुढे येईल.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सगळे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि एस. टी.च्या बाकावर झाले. त्यामुळे कलेवर पंडितासारखे बोलण्याचा आमचा अधिकार नाही आणि तसा हव्यासही नाही. आम्ही सोलापूरचे. तिथे घरोघर विड्या वळणाऱ्या बायकांमध्ये आमचे काम चालते. गेली तीन वर्षे दर रविवारी दुपारी आमच्या कचेरीच्या मागच्या खोलीत या बायकांचा एक वर्ग भरतो. एक तरुण चित्रकला-शिक्षिका येऊन शिकवते. बहुतेक विद्यार्थिनी पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्याबरोबर आम्हीही एका टोकाला पाट टाकून बसतो. तेव्हा आज जे सांगणार आहोत ते शिकाऊ माणसाने शिकाऊ माणसांसाठी सांगितलेले आहे, असे समजावे.

प्रथम पदार्थाची ओळख करून घेऊ. आमच्या वर्गात सगळ्या जणी तिला 'माती' म्हणतात. पण ती माती नव्हे. शाडू नदीकाठची असते, तिला पाणी लागते आणि ती वाऱ्यावर वाळते. ही माती मुळात पीव्हीसी आहे. म्हणजे आपल्या नळाचे पाइप ज्या कुळातले, त्याच कुळातली. पीव्हीसीची बारीक भुकटी, तिला मऊ ठेवणारे एक तेलकट द्रव्य, आणि रंग, एवढाच तिचा संसार. हिला पाणी चालत नाही. ही वाऱ्यावर वाळत नाही. साधारण ११० ते १३० अंश सेल्सियसची आच लागली की भुकटीचे कण एकमेकांत मिसळून एकजीव होतात आणि वस्तू कायमची घट्ट होते.

आच लागेपर्यंत ती मऊच राहते, हा गुण कष्टकरी बाईच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. शाडूचे काम मध्येच सोडून उठता येत नाही, वाळून तडकते. ही माती मात्र तुमची वाट पाहते. अर्धे नाक करून ठेवा, पाणी भरून या, भाकऱ्या थापा, दुसऱ्या दिवशी बसा. नाक होते तिथेच आणि तसेच मऊ असते. फक्त ती उन्हात ठेवू नये. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, आणि तशा उष्म्यात पडून राहिली तर ती पाकिटातच कडक होऊ लागते. म्हणून आमच्या वर्गातल्या मातीचा डबा माठाशेजारच्या गारव्यात असतो.

या मातीचा जन्मही बाहुल्यांच्याच घरात झाला, हे आम्हांला वाचताना कळले तेव्हा मौज वाटली. जर्मनीत केटे क्रूजे नावाची बाहुल्या करणारी एक प्रसिद्ध बाई होऊन गेली. १९३९ च्या सुमारास तिच्या कारखान्यात बाहुलीची डोकी करण्यासाठी एक नवा कृत्रिम पदार्थ तपासायला आला. डोक्यांच्या कामाला तो उतरला नाही. पण तिची मुलगी सोफी, जिला घरात 'फीफी' म्हणत, ती त्या पदार्थाशी खेळत राहिली. त्यातून तिने हाताने घडवता येईल अशी माती तयार केली आणि पुढे स्वतःच्या नावाने विकली. १९६४ मध्ये तिने ती एबरहार्ड फाबर या कंपनीला विकून टाकली. आज 'फिमो' या नावाने जी माती बाजारात मिळते, त्या नावातला 'फि' हा त्या फीफीचा आहे. कारखान्याने टाकाऊ ठरवलेल्या वस्तूत एका हाताला काहीतरी दिसले, एवढे त्यातले आपल्या उपयोगाचे.

आता शिकण्याकडे वळू.

पहिले काम मळण्याचे. आमच्या बायकांना वाटले, कणीक मळत जन्म गेला, यात काय शिकायचे? पण ही माती कणकेसारखी नाही. सुरुवातीला ती भुसभुशीत असते, तुटते. मोठा गोळा घेऊन तिच्याशी झुंजण्यात अर्थ नाही. लहान तुकडा घ्यावा, तळहाताच्या उबेत धरावा, लाटण्याने लाटावा, घडी घालावी, पुन्हा लाटावा. वाकवल्यावर कडेला भेग पडेनाशी झाली म्हणजे माती तयार झाली. हात मात्र कमालीचे स्वच्छ हवेत. अंगाच्या रंगाची माती लोकरीच्या धाग्यापासून हवेतल्या धुळीपर्यंत सगळे ओढून घेते. विडी वळणाऱ्या बाईच्या बोटांना तंबाखूचा पिवळेपणा असतो. साबणाने धुतला तरी तो पुरता जात नाही. आमच्या शिक्षिकेने तोड सांगितली: आधी टाकाऊ मातीचा एक गोळा हातात घेऊन चांगला घोळवायचा, हाताला चिकटलेले सगळे तो उचलतो, आणि मग खरी माती हातात घ्यायची. तो गोळा पहिल्या दिवशी पांढरा होता. महिन्याभरात तो तपकिरीसारखा झाला. एक अक्का तो हातात धरून म्हणाली, "अण्णा, ही माझी वीस वर्षांची मजुरी बघा."

दुसरे काम गाभ्याचे. डोके सबंध मातीचे करू नये. स्वयंपाकघरात मिळते त्या ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा करून तो घट्ट दाबावा, फरशीवर घोळवून त्याला अंड्याचा आकार द्यावा आणि त्यावर मातीचा थर चढवावा. माती कमी लागते, वजन कमी राहते, आणि मुख्य म्हणजे थर सगळीकडे सारखा असल्यामुळे आच सारखी पोहोचते. गाभा सैल राहिला तर पुढे डोळ्यांची खाच दाबताना सगळे डोकेच आत बसते. नवशिक्याला गाभ्याचा कंटाळा येतो, कारण तो कोणाला दिसत नाही. पण संघटनेचे काम केलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. सभेची गर्दी दिसते, घरोघर फिरून केलेली नोंदणी दिसत नाही, आणि संप टिकतो तो नोंदणीवर.

तिसरे काम मापाचे. आणि येथेच बाळ होते किंवा बिघडते. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढे असते. नुकत्याच जन्मलेल्या मुलाचे डोके त्याच्या लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते. म्हणजे वीस सेंटिमीटरची बाहुली करायची तर डोके पाच सेंटिमीटरचे. हात आखूड, तान्हे मूल हात वर करते तेव्हा ते जेमतेम टाळूपर्यंत पोहोचतात. आता चेहरा. डोक्याच्या उंचीच्या मधोमध आडवी रेघ काढा. मोठ्या माणसाचे डोळे त्या रेघेवर येतात. बाळाचे डोळे रेघेच्या खाली असतात. वरचा अर्धा भाग सगळा कपाळ आणि टाळू. आणि डोळे, नाक, तोंड, हनुवटी हा सगळा प्रपंच खालच्या अर्ध्यात दाटीने बसलेला. गाल भरलेले, नाक आखूड आणि बसके, हनुवटी बारकी. कोनराड लोरेन्झ या प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये असे मांडले की, मोठे कपाळ, खाली बसलेले मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल ही लक्षणे दिसली की मोठ्या जिवाच्या मनात जपण्याची भावना जागी होते. मग ते माणसाचे पोर असो की कुत्र्याचे पिल्लू.

नवशिका हमखास डोळे वर नेतो. आमच्या वर्गातली पहिली सगळी बाळे म्हातारी निघाली. एक तर हुबेहूब जमादारासारखे दिसत होते. खोलीत हसून हसून पुरेवाट झाली. पण असे का व्हावे? ज्या बायकांनी चार-चार मुले वाढवली, नातवंडे अंगाखांद्यावर खेळवली, त्यांना बाळाचे डोळे कुठे असतात हे ठाऊक नसावे?

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते वर्गातच मिळाले. शिक्षिकेने एका रविवारी सांगितले की पुढच्या खेपेला माती नाही, नुसते बघायचे. एकीची नात सात आठवड्यांची होती. तिला आणून झोळीत निजवले आणि सगळ्या जणी भोवती बसल्या. पापणीची कड कशी वळते, वरचा ओठ खालच्या ओठावर कसा येतो, कान भुवईच्या रेघेपासून नाकाच्या बुडापर्यंत कसा असतो, मुठीत अंगठा कुठे जातो, हे बघायचे आणि पाटीवर काढायचे. सुमारे पाऊण तास कोणी फारसे बोलले नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "चार लेकरं झाली मला. पण निजलेल्या लेकराकडं एवढा वेळ कधी बघितलं नाही. लेकरू निजलं की सूप पुढं ओढायचं, आणि ते उठायच्या आत हजारातल्या जेवढ्या होतील तेवढ्या वळायच्या."

मंडळी, यात रडण्याचा सूर नव्हता. एखादी माहिती सांगावी तसे त्या सांगत होत्या. परंतु आम्हांला वाटते, मजुरीच्या प्रश्नावर आजवर आम्ही जेवढी निवेदने लिहिली त्या सगळ्यांत हे एवढे एक वाक्य कोठे आले नव्हते. मजुरी कमी असणे म्हणजे पैसे कमी असणे, इतकेच आपण धरून चालतो. मजुरी कमी असणे म्हणजे पोटच्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहायला वेळ नसणे, हा त्याचा दुसरा अर्थ आहे. आणि तो मातीचे बाळ करायला बसल्यावर बाहेर आला.

पुढचे शिक्षण थोडक्यात सांगतो. नवशिक्याने पहिले बाळ निजलेले करावे. उघड्या डोळ्यांना काचेचे मणी बसवावे लागतात आणि दोन्ही डोळ्यांची नजर एका ठिकाणी आणणे कठीण असते. मिटलेल्या पापणीला एक वळणदार रेघ पुरते. गाल, नाक, हनुवटी यांसाठी मातीच्या लहान गोळ्या चिकटवाव्या आणि त्यांच्या कडा बोटाने विरवून टाकाव्या. बाळाच्या चेहऱ्यावर कोठेही धारदार कड नसते. कड दिसली की वय वाढले. हत्यारे फार नकोत. विणायची सुई, दात-कोरणी, जुना मऊ ब्रश, आणि गोळीचे टोक असलेली एक सळई एवढ्यावर भागते. हातासाठी चपटा तुकडा घेऊन त्याला चार काप द्यावेत, बोटे गोल करावीत, आणि मग मूठ वळवावी. तान्हे मूल बहुधा मूठच मिटून असते, आणि नवशिक्यासाठी ही मोठी सोय आहे. डोके, कोपरापासून पुढचे हात आणि गुडघ्यापासून खालचे पाय मातीचे करून बाकीचे अंग कापडाचे शिवावे. आमच्या बायका जुन्या लुगड्याचे शिवतात, आणि कापसाबरोबर थोडी वाळू भरतात. मग बाळ उचलले की हाताला भार लागतो. केटे क्रूजेनेही १९२० नंतरच्या दशकात वाळू भरलेले वजनदार निजलेले बाळ केले होते.

रंगाचा प्रश्न वर्गानेच उपस्थित केला. पाकिटावर 'अंगाचा रंग' म्हणून जो मिळतो तो गुलाबीसर गोरा. ते अंग कोणाचे? सोलापुरातल्या कोणत्या पाळण्यात तसे मूल असते? मग तपकिरी, पिवळा, थोडा तांबडा असे मिसळून आपल्या मुलांचे रंग तयार झाले. गव्हाळ, सावळा, काळासावळा. प्रत्येकीने आपल्या घरचा रंग कालवला. भाजल्यावर रंग किंचित गडद होतो, हे लक्षात ठेवून थोडा उजळ कालवावा लागतो.

भाजणे हा शेवटचा टप्पा, आणि येथे घाई करून चालत नाही. पाकिटावर जे तापमान लिहिलेले असते तेच धरावे. ओव्हनच्या बटणावर विसंबू नये, आत वेगळे थर्मामीटर ठेवावे. साधारण सहा मिलिमीटर जाडीला, त्या त्या मातीप्रमाणे, पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागतो. 'आच वाढवली तर लवकर होईल' हा हिशेब येथे घातक आहे. पीव्हीसी जळले की हायड्रोक्लोरिक आम्लाचा झोंबणारा वायू निघतो. तेव्हा खिडक्या उघड्या असाव्यात, आणि मातीची भांडी, लाटणे, ओव्हन पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

कामगार चळवळीतल्या माणसाने येथे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पीव्हीसी ज्या वायूपासून बनते, त्या वायूमुळे अमेरिकेतल्या लुइव्हिल येथील कारखान्यात कामगारांना यकृताचा एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग झाल्याचे १९७४ मध्ये उघडकीस आले, आणि त्यानंतर जगभर त्या वायूच्या मर्यादा कडक झाल्या. बाहुली घडवणाराच्या हातात येते ती तयार माती; तिची गोष्ट निराळी. मातीला मऊ ठेवणाऱ्या काही द्रव्यांबद्दलही शंका निघाल्या, आणि युरोपात २००५ च्या निर्देशाने, अमेरिकेत २००८ च्या कायद्याने खेळण्यांतील अशा काही द्रव्यांवर बंधने आली. आपल्या हातातली गुळगुळीत वस्तू कोणाच्या श्वासातून येथवर आली आहे, हे शिकाऊ माणसाने जाणून घ्यावे. त्याने हात आखडत नाही. हात जपून चालतो.

आता त्या हाताविषयी. विडी वळणारी बाई दिवसाला हजार विड्या वळते. पान भिजवायचे, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, तंबाखू भरायचा, वळायचे, दोरा बांधायचा. बोटे इतकी चपळ, की पाहणाराची नजर पोहोचत नाही. आम्ही समजत होतो की हे हात बाहुली चुटकीसरशी शिकतील. तसे झाले नाही. बोटे थांबायलाच तयार नव्हती. नाक दाबले की लगेच दुसरे नाक, तिसरे नाक. एका नाकाजवळ थबकून 'हे बरोबर आहे का' असे विचारायची त्यांना सवयच नव्हती. कारण तो प्रश्न आयुष्यभर दुसऱ्याने विचारला. संध्याकाळी कारखान्यात माल तपासणारा बसतो, मूठभर विड्या बाजूला काढतो आणि 'या नापास' म्हणतो. आपल्या कामाचे बरेवाईट आपण ठरवायचे असते, हेच तिच्याकडून काढून घेतलेले आहे. म्हणून आमच्या मते या वर्गात बायका सर्वांत अवघड गोष्ट शिकल्या ती बाहुली नव्हे. काम हातात धरून, दूर नेऊन, डोळे बारीक करून, 'अजून नाही झाले' असे स्वतःच स्वतःला सांगणे, ही ती गोष्ट.

आणि याच वेळी बाजार दाराशी आला. गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याने ही बाळे पाहिली. त्याला आवडली. तो म्हणाला, "दोनशे द्या. पण असे एकेकीने सबंध करून जमायचे नाही. एक जण डोकी करील, एक हात, एक पाय, एक रंग देईल. नगाप्रमाणे दर ठरवू. माल घरी पोचवतो, घरून उचलतो."

श्रोतेहो, विडीचा धंदा नेमका असाच चालतो. बाहुल्यांचा धंदाही एके काळी असाच चालला होता. जर्मनीत थुरिंगिया प्रांतात सोनेबर्ग नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी जगातल्या खेळण्यांची ती एक मोठी पेठ होती. एका घरात कागदाच्या लगद्याची डोकी दाबत, दुसऱ्या घरात डोळे बसवत, तिसऱ्यात केस लावत, चौथ्यात अंग शिवत. आणि पाठीवरच्या टोपल्यांतून बायका तो माल व्यापाऱ्याकडे पोचवत. सगळे कुटुंब राबे, मुलेसुद्धा. दुसऱ्या मुलांच्या बाहुल्यांना डोळे बसवता बसवता या मुलांचे खेळायचे वय निघून जाई. १९०६ मध्ये बर्लिनला घरकामगारांच्या मालाचे एक प्रदर्शन भरले. त्यात वस्तूंबरोबर त्यांची मजुरीही मांडली होती. त्या प्रदर्शनाचे भित्तिपत्रक केटे कोलविट्झ या चित्रकर्तीने केले होते. त्यावर थकलेल्या एका कामकरी बाईचा चेहरा होता, आणि तो जर्मन सम्राज्ञीला सहन झाला नाही.

त्याच सुमारास, १९०५ मध्ये, दुसऱ्या केटेने, म्हणजे केटे क्रूजेने, आपल्या मुलीसाठी पहिली बाहुली केली. तिचा नवरा शिल्पकार होता. दुकानातल्या बाहुल्या त्याला आवडत नसत, म्हणून त्याने 'तूच कर' असे कळवले. हिने टॉवेलात वाळू भरली आणि डोक्याच्या जागी बटाटा बांधला. अशी नवशिकी बाई १९१० मध्ये बर्लिनच्या एका मोठ्या दुकानात प्रदर्शन मांडते, पुढच्याच वर्षी अमेरिकेहून दीडशे बाहुल्यांची मागणी येते, आणि १९२५ मध्ये नक्कल करणाऱ्या बिंग या बलाढ्य कंपनीविरुद्धचा खटला ती जिंकते. बाहुलीचा चेहरा ही घडवणाराची निर्मिती आहे, हे न्यायालयात ठरते. ही गोष्ट स्फूर्तिदायक आहे. मात्र एवढे लक्षात ठेवावे की तो खटला चेहऱ्याच्या मालकीचा होता; चेहरे रंगवणाऱ्या हातांच्या मजुरीचा नव्हता.

तर व्यापाऱ्याच्या मागणीवर आमच्या खोलीत दोन रविवार वाद झाला. काही जणी म्हणाल्या, "सबंध करायला शिकलो ते काय पुन्हा तुकडे करायला?" दुसऱ्या म्हणाल्या, "घरात चूल पेटायची आहे. डोकी तर डोकी. दर तरी विडीपेक्षा बरा आहे ना?" हा दुसरा पक्ष चूक आहे, असे म्हणायला आमची जीभ वळली नाही. भूक ही काही कलेची टीकाकार नव्हे. अखेर बहुमताने तीन अटी ठरल्या. जिने डोके केले तिनेच बाळ पुरे करावे. दर नगावर नव्हे, लागलेल्या तासांवर ठरावा. आणि बाळाच्या पाठीवर करणारीचे नाव असावे. व्यापारी हसला आणि निघून गेला. दोघी जणी पुढचे काही महिने वर्गाला आल्या नाहीत. त्यातली एक परत आली. दुसरी अजून आलेली नाही. जिंकलो असे आम्ही म्हणणार नाही. परंतु कामाच्या अटी काम करणारीने ठरवल्या, असे या बायकांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडले.

तेव्हापासून वर्गात मातीबरोबर एक वहीही असते. ज्याला ही विद्या पोटासाठी वापरायची आहे त्याने वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. मळायला किती वेळ, गाभ्याला किती, चेहऱ्याला किती, शिवायला किती. माती किती, वीज किती. आणि भाजताना करपलेली, तडकलेली बाळेसुद्धा खर्चात धरायची. ५७ ग्रॅमच्या लहानशा पाकिटाची किंमत सगळ्यांच्या लक्षात राहते. स्वतःच्या दुपारची किंमत कोणी लिहीत नाही. कायद्याचीही माहिती असावी. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणून आम्ही बायकांच्या नोंदणीमागे लागलो आहोत. शिवाय आम्ही गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो की ही बाळे मांडून ठेवायची आहेत. लहानग्याच्या तोंडात जाईल अशी ही वस्तू नव्हे; तिची बारीक बोटे तुटतात. तान्ह्याला खेळायला आपली लाकडी ठकीच बरी.

घरी बसून काम करणारी बाई ही कामगारच आहे, हे जगाने फार उशिरा कबूल केले. १९७२ मध्ये अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' ही संघटना उभी केली. अशा संघटनांच्या रेट्यामुळे १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांविषयीचा १७७ क्रमांकाचा करार केला. आपल्या देशाने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मिळावी, ही आमची मागणी या व्यासपीठावरूनही आम्ही नोंदवतो.

शेवटी एकच सांगायचे आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. आठ तास काम, आठ तास विसावा आणि आठ तास आपल्या मर्जीचे, ही घोषणा त्याहूनही जुनी. कामाच्या आठ तासांसाठी आम्ही लढलो. झोपेचे आठ तास शरीर मागून घेते. पण त्या तिसऱ्या आठ तासांत माणसाने काय करावे, याचा विचार चळवळीने पुरेसा केला नाही, आणि घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या वाट्याला तर रविवारही आला नाही. आमचा अनुभव असा की, त्या तासांत माणसाने काहीतरी सबंध करायला शिकावे. नवशिक्यासारखे, सावकाश, हसू झाले तरी चालेल अशा बेताने. आपण ऐकणाऱ्यांपैकी ज्यांना सवड आहे त्यांनी मातीचे एखादे पाकीट आणून बसून पाहावे. डोळे रेघेच्या खाली ठेवावेत. आणि पुढे कधी हाताने घडवलेली वस्तू विकत घेताना 'एवढी महाग का' असे विचारण्यापूर्वी 'किती तास लागले, बाई' असे एकदा विचारावे. उत्तर ऐकून घ्यायला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ द्यावा, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.